गुंडोअण्णांची द्वादशी

फुगा सोडल्यानंतर पहिली पाच मिनिटे तो कुणालाही दिसतो. दहाव्या मिनिटाला दुर्बिणीतही तो मोहरीएवढा होतो. विसाव्या मिनिटानंतर तो खरोखरच तिथे आहे, की आपण बघून बघून मनानेच त्याला तिथे ठेवले आहे, हे सांगता येत नाही. मला तरी कधी सांगता आले नाही. गुंडोअण्णांना येत असे.

गुंडो व्यंकटेश हुक्केरीकर हे त्यांचे पूर्ण नाव. बंगळूरला हवामानखात्यात आम्ही बरोबर होतो. मी १९५४ साली मिरजेहून तिथे लागलो तेव्हा ते चाळिशीला आलेले होते. रोज साडेअकराला आणि संध्याकाळी साडेपाचला गच्चीवरून हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचा आणि तो कुठे जातो ते पाहायचे, हे आमचे काम. फुगा ठरलेल्या वेगाने वर चढतो, म्हणून तो कोणत्या बाजूला किती सरकला यावरून वरचा वारा समजतो. विमानांना ती माहिती लागे. एकाने थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला दोन कोन सांगायचे आणि दुसऱ्याने वहीत लिहायचे. ते सांगत, मी लिहीत असे. इतक्या वर्षांत ही वाटणी बदलली नाही, आणि बदलावी असे मला वाटलेही नाही.

त्या काळी आमच्या गच्चीवरून उत्तरेला हेब्बाळच्या तळ्याची चकाकी दिसे. वारा दक्षिणेचा असला की फुगा तळ्याच्या अंगाने येलहंक्याकडे सरकत जाई. गुंडोअण्णा एक डोळा मिटून, तोंड किंचित उघडे ठेवून, झोपेत बोलल्यासारखे आकडे सांगत. दोन आकड्यांच्या मधल्या वेळातही ते बोलत, पण माझ्याशी नव्हे.

"आता कौलांची ऊब सुटली त्याची."

"आता थंडी वाजायला लागली बघ."

"इथनं पुढं त्याला कोण नाही."

मी ही वाक्ये वहीत लिहीत नसे, पण ती माझ्या कानात राहत. दुपारी जेवून टेबलावर डोके टेकले की मला त्या वाक्यांतूनच झोप लागे, आणि झोपेत मी बराच उंच गेलेला असे.

गुंडोअण्णा स्वतः मात्र जमिनीला धरून असलेले गृहस्थ होते. मल्लेश्वरमच्या एका गल्लीत त्यांचे घर होते. पत्नीचे नाव कस्तुराबाई. मूलबाळ नव्हते, त्यामुळे बाईंची सगळी माया ताटात उतरे. मी एकटा राहत असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मला त्यांच्याकडे जेवायला जावे लागे. वाढताना बाईंचा हात थांबत नसे. "बंगळूरचं पाणी हलकं, अन्न लगेच जिरतं," असे त्यांचे म्हणणे होते. एकदा स्टेशनवर कुणाला तरी पोचवायला गेलो असताना अण्णा गमतीने वजनाच्या यंत्रावर चढले. पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडले, त्यावर दोनशे सात पौंड असे छापलेले होते. ते तिकीट त्यांनी कौतुकाने खिशात घातले.

एकादशीला तर त्यांच्या घरी सोहळाच असे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या तुपातल्या काचऱ्या, दाण्याचे लाडू, वर केळ्याची शिकरण. कुंपणाच्या पलीकडे गुरुराजाचार्य राहत. ते माध्व ब्राह्मण होते आणि शाळेत संस्कृत शिकवत. त्यांच्या घरची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. दशमीला दुपारी एकदाच जेवायचे आणि त्यानंतर एकदम द्वादशीला सूर्य उगवताना. त्यामुळे अण्णांच्या स्वयंपाकघरातून जिऱ्या-मिरचीच्या फोडणीचा वास गेला की आचार्य कुंपणाशी येत.

"गुंडूराय, आज एकादशी की दीपावळी?"

"आचार्रे, आमचा विठोबा खातापिता आहे. तुमच्यासारखा कडक नाही तो."

"खातापिता आहे म्हणून तर कमरेवर हात ठेवावा लागतो. पोट सावरायला!"

दोघे हसत. मीही हसत असे, पण थोडा उशिरा.

१९६० च्या उन्हाळ्यात अण्णा पाणी फार पिऊ लागले. गच्चीवर येताना तांब्या घेऊन येत आणि दुसऱ्या मिनिटालाच तो रिकामा होई. जिना चढताना धाप लागे. मग एके दिवशी आठव्या मिनिटाला ते आकडा सांगायचे थांबले. दुर्बीण पुसली आणि पुन्हा डोळा लावला.

"उमाकांता, काच खराब झाली काय रे? फुग्याला लव आल्यासारखी दिसते."

मी पाहिले. काच स्वच्छ होती. पण तसे सांगणे मला जमले नाही. मी म्हणालो, "असेल धूळ."

त्या आठवड्यात बाराव्या मिनिटाच्या पुढे त्यांनी एकही फुगा नेला नाही. शेवटी कस्तुराबाईंनीच त्यांना दवाखान्यात नेले, कारण न्हाणीघराच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागली होती आणि त्याचा अर्थ त्यांच्या माहेरी सर्वांना ठाऊक होता. डॉ. प्रमोदिनी चांदोरकर पुण्याकडच्या. त्यांचे यजमान एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. डॉक्टरीणबाईंनी नळीतल्या निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून ती दिव्यावर धरली. अण्णांनी मला नंतर सांगितले, की निळे पाणी हिरवे झाले, मग पिवळे, मग विटेसारखे लाल. "सूर्य मावळल्यासारखं झालं बघ नळीत," असे ते म्हणाले.

बाईंनी त्यांना सांगितले, "साखर, वजन आणि रक्तातली चरबी ही एका घरची भावंडं आहेत, हुक्केरीकर. एकटं कुणी येत नाही, मागोमाग दुसरं येतं. तेव्हा वजन उतरवा, पण हळूहळू. आणि या गोळ्या घ्या."

'हळूहळू' हा शब्द अण्णांच्या कानावरून गेला असावा. त्यांना वाटले, आपल्या जिभेने हे केले. जीभ आवरत नाही, तर तोंडच मिटले पाहिजे. संध्याकाळी ते कुंपणाशी गेले आणि आचार्यांना म्हणाले, "मला तुमची एकादशी शिकवा."

आचार्यांनी ती चेष्टा समजली. मग अण्णांचा चेहरा पाहून त्यांनी नीट सांगितले, दशमीला काय, एकादशीला काय, द्वादशीला किती वाजता. पारण्याला अगस्त्याच्या, म्हणजे हदग्याच्या, पाल्याची भाजी आणि आवळा हवा, हेही सांगितले. साखरेच्या दुखण्याबद्दल अण्णा त्यांच्याशी काही बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंशी एकादशीबद्दल बोलले नाहीत. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली माणसे दोनच होती, कस्तुराबाई आणि मी.

महिन्यातून दोनदा ते चाळीस-बेचाळीस तास कोरडे राहू लागले. पुढे उत्साहाच्या भरात दशमीचे जेवणही वाटीभर ताकावर आणले, आणि मधल्या दिवसांतही निम्मेच जेवू लागले. वजन झरझर उतरले. चार महिन्यांत तीस पौंड गेले. सदरा खांद्यावर लोंबू लागला. आणि खरे सांगायचे तर माणूस उजळला. तहान कमी झाली. फुग्याची लव गेली. पावसाळा संपून आकाश धुतल्यासारखे झाले तेव्हा एका एकादशीच्या दुपारी त्यांनी जे केले, ते मी कधी विसरणार नाही.

त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हताच. फुगा सरळ डोक्यावर चढत गेला. विसावे मिनिट झाले, तिसावे झाले, पन्नासावे झाले. अण्णांचे ओठ पांढरे पडले होते, आवाज खोल गेला होता, पण आकडे येत होते. मी लिहीत होतो. खाली रस्त्यावरून जटक्यांच्या घोड्यांचे घुंगरू वाजत जात होते, ते दुसऱ्या कुठल्या तरी गावातले वाटत होते. एकाहत्तराव्या मिनिटाला अण्णांनी डोळा काढला. तो पाण्याने भरला होता.

"उमाकांता," ते म्हणाले, "उपासाच्या दिवशी अंग नसतंच रे. नुसते डोळे असतात. आज मी इथं नव्हतोच."

कचेरीत त्याहून जास्त वेळ कुणी फुगा धरला नव्हता. साहेबांनी खाली बोलावून पाठ थोपटली. त्या दिवसापासून अण्णांच्या मनात ठाम बसले, की त्यांचे डोळे एकादशीने परत दिले आहेत. मग ती एकादशी त्यांच्या हातून कोण काढून घेणार?

पहिली कळ त्यानंतरच्या हिवाळ्यात आली. द्वादशीचा दिवस होता. पहाटे पारणे झाले होते. दोन दिवसांचा उपाशी माणूस म्हणून कस्तुराबाईंनी मुगाच्या डाळीच्या पायसावर वाटीभर तूप ओतले होते. पायसात गूळ नव्हता. "गोड तर नाही ना? मग तुपानं काय होतंय?" हा त्यांचा हिशेब होता, आणि मलाही तो बरोबर वाटला होता. नऊ वाजता अण्णा कचेरीत आले ते पोटावर हात दाबून. उजव्या बरगडीच्या खाली दुखत होते आणि ती कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जात होती. घाम सुटला होता. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. दुपारनंतर दुखणे आले तसे गेले.

"वायू आहे," अण्णा म्हणाले. "रिकाम्या घरात वारा शिरणारच."

अशा सकाळी साडेअकराचा फुगा सोडला जात नसे, कारण दुर्बिणीला डोळा लावण्याची माझी छाती नव्हती. मी वहीत लिही, 'निरीक्षक अस्वस्थ, फुगा सोडला नाही.' महिन्याचा गोषवारा करताना मी मागची पाने चाळली. अशा तीन नोंदी होत्या. समोरच्या भिंतीवर तिथी दाखवणारी दिनदर्शिका होती. मी सहज पाहिले. तिन्ही द्वादश्या.

मला वाटले, योगायोग असेल. मग पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच झाले, आणि मला कळले की हा योगायोग नाही. पण कुणाला सांगायचे? अण्णांना सांगावे तर त्यांच्या एकाहत्तर मिनिटांवर बोट ठेवल्यासारखे होणार. डॉक्टरीणबाईंकडे जावे तर मी कोण? नातेवाईक नाही, वैद्य नाही, नुसता आकडे लिहिणारा. मी तीन वेळा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. हे लिहायला मला आजही जड जाते.

१९६२ च्या फाल्गुनातली द्वादशी. त्या दिवशी कळ गेलीच नाही. रात्री थंडी वाजून ताप भरला. सकाळी मी गेलो तेव्हा अण्णांच्या डोळ्यांचे पांढरे हळदीसारखे झाले होते. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "आज सगळं कसं उन्हात असल्यासारखं दिसतंय." त्यांना टॅक्सीत घालून आम्ही इस्पितळात नेले.

व्हरांड्यात डॉ. चांदोरकर घाईने चालल्या होत्या. मी त्यांच्यामागे गेलो. मी कचेरीची वहीच पुढे केली. ती मी का बरोबर घेतली होती, कोण जाणे.

"हे काय?"

"दुखण्याचे दिवस आहेत, बाई. सगळ्या द्वादश्या आहेत."

त्यांनी वही पाहिली, मग मला पाहिले. "द्वादशीला काय असतं यांच्याकडे?"

मग मी सगळे सांगितले. बेचाळीस तास, पाणी नाही, तूप. डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या.

"अहो, हे मला वर्षापूर्वी कुणी सांगायचं?"

त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागले. त्यांनी समजावून सांगितले ते मला असे आठवते: यकृतात पित्त तयार होते आणि एका लहान पिशवीत साठते. तुपाचा घास पोटात गेला की पिशवी आवळते आणि पित्त सोडते. ज्याचे वजन जास्त, रक्तात साखर आणि चरबी जास्त, त्याचे पित्त दाट होते आणि त्यात खडे धरतात. ते बहुधा आधीच धरले असतील. त्यात माणूस दोन दोन दिवस उपाशी राहिला की पिशवी हलतच नाही, साचल्या पाण्यात गाळ बसावा तसे होते. वजन झपाट्याने उतरले तर खडे आणखी वाढतात. "आणि मग द्वादशीला वाटीभर तूप! पिशवी सगळ्या जोरानं आवळते आणि खडा तोंडाशी जाऊन बसतो."

ताप उतरला, कावीळ उतरली. मग आदल्या संध्याकाळी औषधाच्या गोळ्या देऊन सकाळी क्ष-किरणाचे चित्र काढले. बाईंनी ते खिडकीशी धरून अण्णांना दाखवले. पांढुरक्या पिशवीत काळसर गोल ठिपके होते, एकमेकांना चिकटलेले.

अण्णांनी एक डोळा मिटून ते पाहिले. "ढगात फुगे सोडल्यासारखे दिसतात," ते म्हणाले.

"ते काढायला हवेत. पोट उघडून," बाई म्हणाल्या. "या वेळी तुम्ही वाचलात. साखरेच्या माणसाला तिथं पुन्हा पू झाला तर मी काही सांगू शकत नाही. गोळ्या बंद, आता रोज इन्सुलिनची सुई. साखर ताब्यात आली की पंधरवड्यात शस्त्रक्रिया. आणि एकादशी बंद."

पहिल्या सगळ्या गोष्टींना अण्णांनी मान डोलावली होती. शेवटच्या वाक्याला ती थांबली.

"आणि माझे डोळे?"

"डोळे साखर उतरली म्हणून सुधारले. पाणी न पिण्यानं कुणाची दृष्टी सुधारत नाही."

बाई गेल्यावर अण्णा माझ्याकडे वळले.

"तू सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

शस्त्रक्रिया चैत्रातल्या एका गुरुवारी ठरली. त्याच्या तीन दिवस आधी, सोमवारी, एकादशी येत होती. मी रविवारी संध्याकाळी इस्पितळात गेलो तेव्हा कस्तुराबाईंनी मला दाराबाहेर घेतले. त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले होते.

"उद्या काही खाणार नाही म्हणतात. नर्सबाई म्हणाली, खाल्ल्याशिवाय सुई देणार नाही, उपाशीपोटी सुई दिली तर जीवच जाईल. आणि सुई चुकली, साखर चढली, तर गुरुवारचं रद्द. त्यांना म्हटलं, माझ्याकडं बघा. तर म्हणतात, शेवटची एकादशी करू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे. वन्सं, सासूबाई, कुणीच नाही हो आता त्यांना रागवायला. तुम्ही सांगा की."

मी काय सांगणार होतो? माझे ऐकणारा माणूस त्या खोलीत नव्हता. पण बंगळुरात एक माणूस होता.

सोमवारी सकाळी मी आचार्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. ते पूजा आटोपून तुळशीपाशी आले होते. मला पाहून म्हणाले, "बन्नी, बन्नी. आत या. गुंडूराय कसे आहेत?"

मी आत गेलो नाही. तिथेच उभा राहून, अडखळत, मी त्यांना साखरेचे सांगितले, खड्यांचे सांगितले, वहीतल्या द्वादश्यांचे सांगितले. आचार्यांच्या चेहऱ्यावरचे गंध सुकत होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी हातातल्या तांब्यातले पाणी तुळशीच्या मुळाशी ओतले.

"मी शिकवलं त्यांना," ते म्हणाले. "विचारलं नाही का ते. स्वल्प थांबा."

ते उपरणे घेऊन आले. मी बसचे नाव काढले. एकादशीला ते वाहनात बसत नसत. चैत्राचे ऊन होते. रस्त्याच्या कडेला होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडांना कोवळी पालवी आली होती आणि तिच्यातून उजेड हिरवा होऊन खाली पडत होता. आचार्य अनवाणी, सावली सावली धरून चालत होते. आदल्या दुपारपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. एका ठिकाणी ते झाडाला हात टेकून उभे राहिले. मी म्हणालो, "टॅक्सी बघू का?" त्यांनी नुसता हात हलवला. मला त्या वाटेवर असे वाटत होते की आम्ही चालत नाही, रस्ताच आमच्याखालून हळूहळू मागे जातो आहे.

अण्णांच्या खाटेशेजारी स्टुलावर रागीची आंबील झाकून ठेवली होती. तिच्यावर साय धरली होती. कस्तुराबाई पायथ्याशी बसल्या होत्या. नर्स दोनदा येऊन परत गेली होती, आणि तिसऱ्यांदा आली की डॉक्टरीणबाईंना कळवणार होती.

आचार्यांना पाहून अण्णा उठून बसू लागले.

"गुंडूराय, आज तिथी काय?"

"एकादशी, आचार्रे."

"आज उपास करा असं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

"मी धडधाकट माणसाला सांगितलं. रोगी असाल हे तुम्ही मला सांगितलं नाही. आतुराला, आजाऱ्याला, नेम नाही, हेही त्याच शास्त्रात आहे. शास्त्र पाळायचं तर पुरतं पाळा. अर्धं पाळायचं आणि अर्धं लपवायचं, हे कुठलं शास्त्र?"

अण्णांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात, लहान मुलाने कबुली द्यावी तसे ते म्हणाले, "आचार्रे, एकादशीनं मला डोळे दिले. ते परत गेले तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

आचार्य खाटेच्या कडेला टेकले. आता त्यांचा आवाजही कोरडा झाला होता.

"गुंडूराय, मी मुंजीपासून एकादशी करतो. चाळीस वर्षं झाली. मल्लेश्वरमच्या नाक्यावर बस समोर उभी राहते, तिची पाटी मला वाचता येत नाही. शेजारच्या माणसाला विचारतो, ही कुठली हो?"

अण्णांनी वर पाहिले. त्यांना हसू आले, ते दाबायला गेले तर बरगडीत कळ आली, आणि हसू नि कळ दोन्ही मिळून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. कस्तुराबाईही हसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना तोंडाला पदर न लावता हसताना पाहिले.

आचार्यांनी आंबिलीचे भांडे उचलले. त्या दिवशी अन्नाला हात लावणे त्यांच्या नेमात बसत नव्हते, हे आम्हा सर्वांना माहीत होते. त्यांनी बोटाने साय बाजूला केली आणि चमचा अण्णांच्या हातात दिला.

"सावकाश," ते म्हणाले. "गरम नाही आता. सावकाश घ्या."

अण्णांनी सगळी आंबील संपवली. नर्सने सुई दिली. गुरुवारी दोन तास शस्त्रक्रिया चालली. पिशवीत अकरा खडे होते, फिक्या पिवळ्या रंगाचे, मेणासारखे गुळगुळीत. जखम भरायला साखरेमुळे वेळ लागला, पण ती भरली. पावसाळ्याच्या तोंडाशी ते कामावर आले. दृष्टी गेली नाही. एकाहत्तर मिनिटे पुन्हा कधी झाली नाहीत, पण चाळीस-पंचेचाळीस होत असत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ बोलून दाखवली नाही. सुई ते शेवटपर्यंत घेत राहिले. वजन वर्षाला चार-पाच पौंड या चालीने उतरवले. कस्तुराबाई तूप चमच्याने मोजून वाढू लागल्या आणि प्रत्येक वेळी उसासा टाकू लागल्या.

दर एकादशीला मी त्यांच्याकडे जेवायला जात असे. दोन भाकऱ्या, पालेभाजी, वरण, ताक. कुणाला सांगू नये असे साधे जेवण. अण्णांना सुरुवातीला त्या दिवशी ताटावर बसायची लाज वाटे. स्वयंपाकघराची खिडकी बंद करून घेत, कुंपणापलीकडे वास जाऊ नये म्हणून. पण बाराच्या सुमाराला आचार्य, स्वतः कोरडे, ओठ सुकलेले, त्या कुंपणाशी यायचेच. खिडकी बंद असली तर ते फांदीने तिच्यावर टकटक करत. आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, बंगळुरात कुणीही कुणाला रोज विचारतो तेच, पण एकादशीच्या दिवशी कुठल्याही माध्वाने कधी विचारले नसेल ते, विचारत:

"गुंडूराय! ऊट आयिता? जेवलात का?"

"आयितु, आचार्रे," अण्णा आतून म्हणत. "जेवलो."

मग पुढचा घास घेत.